टर्बो लावलेले पुशरॉड इंजिन घरी बांधताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच जातीच्या इंजिनाविषयी आहेत. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावर, नसून ब्लॉकमध्ये असतो, टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतात आणि त्यावर टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवलेला असतो. बहुतेक पत्रांत ‘कोणता भाग घ्यावा’ असे विचारले आहे आणि बहुतेक उत्तरांत मला आधी ‘जुना भाग का गेला’ याकडे वळावे लागले आहे. त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे रेनॉ ५ जीटी टर्बो आहे. तिचे १३९७ सीसीचे इंजिन मी स्वतः खोलले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला कडा तुटलेला निघाला. बाकीचे तीन पिस्टन शाबूत आहेत. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, नवे लायनर (सिलिंडरच्या सुट्या नळ्या), नवी बेअरिंग आणि गॅस्केटचा संच अशी यादी मी केली आहे. यादीत काही राहिले आहे का? आणि कोणती कामे घरी करू नयेत?

उत्तर : यादीत एक गोष्ट राहिली आहे आणि ती विकत मिळत नाही. तिसरा पिस्टन का तुटला, हे आपण लिहिलेले नाही. त्याचे उत्तर मिळेपर्यंत फोर्ज्ड पिस्टन मागवू नयेत, असे मी सुचवीन. फोर्ज्ड पिस्टन नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी एकदम पेटण्याचा, मार ओतीव पिस्टनपेक्षा अधिक काळ सोसतो हे खरे. पण नॉकिंग चालूच राहिले तर तोच मार गॅस्केटला आणि बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडील टोकाच्या) बेअरिंगला बसतो, आणि पुढच्या वेळी इंजिन खोलल्यावर तुटलेला भाग तेवढा वेगळा निघतो.

तुटलेला पिस्टन फेकू नये. तो चांगल्या उजेडात, शक्य तर भिंगातून पाहावा. माथ्याच्या कडेला वाळूचा मारा बसल्यासारखे बारीक खड्डे असतील आणि त्याच सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण दिसत असतील, तर ठिणगीने लावलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटत होते, म्हणजे नॉकिंग होत होते. माथा मध्यभागी वितळलेला असेल तर गोष्ट निराळी. तेथे एखाद्या तापून लाल झालेल्या भागाने, बहुधा फार गरम जातीच्या प्लगने, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवलेले असते. तिसरी शक्यता रिंगच्या टोकांवर लिहिलेली असते. दोन्ही टोके आरशासारखी घासलेली दिसली तर फट कमी होती असे समजावे. रिंग तापून लांबली, टोके एकमेकांना भिडली, जागा न उरल्याने ती लायनरमध्ये रुतली आणि पिस्टनचा कडा सोबत घेऊन गेली.

नॉकिंगच्या खुणा दिसल्यास आपल्या इंजिनाची रचना लक्षात घ्यावी. यात टर्बो कार्ब्युरेटरमधून हवा ओढत नाही, तर कार्ब्युरेटरमध्ये हवा कोंबतो. त्यामुळे फ्लोट चेंबरवरही (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीवरही) बूस्टइतकाच, म्हणजे टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबाइतकाच, दाब असावा लागतो, आणि पेट्रोलचा दाब त्याहून सतत सुमारे ०.२ ते ०.३ बार वर राहावा लागतो. पेट्रोलच्या रेग्युलेटरमधला पडदा कडक झाला किंवा त्याला चीर गेली की बूस्ट वाढताना पेट्रोल मागे पडते आणि जेव्हा मिश्रण सर्वांत गडद (जास्त पेट्रोलचे) हवे तेव्हाच ते पातळ होते. दुसरी संशयित म्हणजे वेस्टगेटच्या (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) डबीकडे जाणारी बारीक रबरी नळी. ती तडकली की डबीपर्यंत पूर्ण दाब पोहोचत नाही, वेस्टगेट उशिरा उघडते आणि बूस्ट ठरल्यापेक्षा वर जातो. चालकाला मात्र आज गाडी फारच छान पळते आहे असे वाटते. चार महागड्या पिस्टनांपेक्षा या दोन रबरी वस्तूंकडे आधी पाहावे. एकच पिस्टन तुटला याचे नवल नाही, कारण चारही सिलिंडरना मिश्रण आणि थंडावा कधीच सारखा मिळत नाही आणि ज्याला दोन्ही कमी मिळते तो आधी जातो. तरीही तिसऱ्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटा गंजाने बुजल्या आहेत का, ते तारेने तपासावे.

आता कामाची वाटणी. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) घासणे, त्याला तडा आहे का ते चुंबकीय पद्धतीने तपासणे, फिरत्या भागांचे संतुलन, हेड सपाट करणे आणि व्हॉल्व्ह सीट कापणे ही कामे मशीन शॉपला द्यावीत. मोजणे, रिंग घासणे, धुणे आणि जोडणी ही घरी होतात आणि घरीच अधिक चांगली होतात, कारण दुसऱ्याच्या इंजिनासाठी इतका वेळ कोणी देत नाही. दुकानातून आलेला क्रँकशाफ्ट मात्र घरी पुन्हा मोजावा. बेअरिंगमधली फट जर्नलच्या व्यासाच्या सुमारे एक हजारांश, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असावी, हा जुना ठोकताळा आहे. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. बेअरिंगच्या टोप्या ज्या जागेवरच्या आणि ज्या दिशेने होत्या तशाच परत बसल्या पाहिजेत, म्हणून खोलतानाच त्यांवर क्रमांक ठोकलेले बरे.

आपल्या ब्लॉकमध्ये लायनर ओले आहेत, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरते. म्हणून बोअरिंगचा खर्च वाचतो. पिस्टन आणि लायनरची जोडी बदलता येते. मात्र हेड काढल्यावर लायनर पट्ट्यांनी दाबून ठेवल्याशिवाय क्रँकशाफ्ट फिरवू नये, नाही तर खालच्या सील हलतात आणि पुढे चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलात पाणी उतरते. नवे लायनर बसवल्यावर प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती आला आहे, हे डायल गेजने मोजावे. हा उंचवटा काही शतांश मिलिमीटरचाच असतो, पण गॅस्केटची सारी पकड त्यावर अवलंबून असते. तो कमी पडला, किंवा शेजारच्या दोन लायनरमध्ये त्याचा फरक जास्त झाला, तर हेडचे बोल्ट कितीही आवळले तरी बूस्टखाली गॅस्केट टिकत नाही.

रिंगची फट पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे ठेवावी. तक्ता नसेल तर वरच्या रिंगसाठी साध्या इंजिनाला बोअरच्या हजारात चार भाग आणि टर्बोला हजारात सहा भाग, असा हिशेब वापरतात. आपल्या ७६ मिलिमीटरच्या बोअरला तो अनुक्रमे ०.३० आणि ०.४६ मिलिमीटर येतो. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि मग फीलर गेज लावावा. घासताना कानस एकाच टोकाला, बाहेरून आत अशी चालवावी. फट थोडी जास्त झाली तर किंचित गळती वाढते. कमी राहिली तर काय होते, ते आपल्या तिसऱ्या पिस्टनने कदाचित दाखवलेच आहे.

शेवटी धुणे. बहुतेक जण ब्लॉक रॉकेलने पुसून समाधान मानतात, पण होनिंगनंतर (सिलिंडरची भिंत बारीक दगडाने घासल्यानंतर) भिंतीच्या चरांत अडकलेली दगडाची भुकटी रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, कपड्यांचा साबण आणि ताठ ब्रश यांनीच ती निघते. तेलवाहिन्यांचे सगळे प्लग काढून त्यांत लांब ब्रश फिरवावेत. धुतल्यावर लगेच वाऱ्याने कोरडे करून पातळ तेल लावावे, कारण उघड्या ओतीव लोखंडावर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो. तेलात भिजवलेले पांढरे फडके लायनरमधून फिरवावे आणि ते राखाडी होणे थांबेपर्यंत धुणे थांबवू नये. तेलाचा कूलर असेल तर तो नवाच घ्यावा. माझ्या पहिल्या इंजिनात मी जुना कूलर पेट्रोलने तीनदा धुऊन परत लावला होता. त्याच्या जाळीत राहिलेल्या धातूच्या किसाने नवी बेअरिंग पहिल्याच महिन्यात खाल्ली. चूक पूर्णपणे माझी होती, आणि त्यानंतर पैसे वाचवायच्या जागांच्या यादीतून मी कूलर कायमचा काढून टाकला.

प्रश्न : माझे इंजिन ए-सीरिजचे १२७५ सीसीचे असून मुळात टर्बोचे नाही. त्यावर टर्बो बसवायचा आहे. मोजून पाहिले तर कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) ९.५ येतो. हेडखाली १ मिलिमीटरची जादा पट्टी घालून तो उतरवावा का? बूस्ट आधी ०.५ बार आणि नंतर १ बार ठेवण्याचा विचार आहे.

उत्तर : रेशो उतरवावा, पण पट्टीने नव्हे. आपल्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३१८ सीसी आहे, रेशो ९.५ असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा ३७.५ सीसीच्या आसपास आहे. ७०.६ मिलिमीटरच्या बोअरवर १ मिलिमीटर वाढवल्यास तीत ३.९ सीसीची भर पडते आणि रेशो सुमारे ८.७ होतो. आकडा बरा दिसतो. बिघडते ते दुसरीकडेच. हेडचा जो सपाट भाग पिस्टनच्या अगदी जवळ येतो, तेथून शेवटच्या क्षणी मिश्रण जोराने मध्याकडे फेकले जाते, ते घुसळले जाते आणि लवकर जळून संपते. हे अंतर १ मिलिमीटरच्या आसपास असताना काम चांगले होते. पट्टी घालून आपण ते दुप्पट केले की घुसळण मंदावते, कोपऱ्यात न जळलेले मिश्रण अधिक वेळ थांबते आणि नॉकिंगची शक्यता वाढते. रेशो कमी करून जे कमावले त्यातले बरेचसे असे हातचे जाते. म्हणून वरच्या बाजूला खोलगट वाटी असलेले पिस्टन घ्यावेत. अंतर तेच राहते आणि जागा वाटीत मिळते. वाटी किती खोल हवी हे ठरवण्यापूर्वी हेडमधली पोकळी काचेची पट्टी ठेवून ब्युरेटने मोजावी, कारण हेड पूर्वी कितीदा घासले गेले आहे हे कोणालाच आठवत नसते.

०.५ आणि १ बार यांतला फरक केवळ दुपटीचा नाही. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते. ३० अंश सेल्सियसची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ०.५ बार बूस्टला साधारण ८३ अंशांवर पोहोचते आणि १ बारला १२५ अंशांच्या घरात जाते. इंटरकूलरशिवाय (ही तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीशिवाय) १ बारचा विचारही करू नये. इंटरकूलर लावला तरी ठिणगीची वेळ बूस्टबरोबर मागे आली पाहिजे; मूळ डिस्ट्रिब्युटरला तसे करण्याची सोय नसते. मिश्रणही पूर्ण बूस्टखाली ११.५ ते १२ भाग हवेला १ भाग पेट्रोल इतके गडद हवे, आणि ते नाकाने ओळखता येत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सरच लागतो.

रेशो उतरवणे आणि तो चढा ठेवून नॉकिंग दुसऱ्या उपायाने रोखणे, या दोन वाटांची तुलना जुनीच आहे. १९६२ साली शेवरोले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल जेटफायर या दोन पुशरॉड इंजिनांच्या टर्बो गाड्या आल्या. कॉर्व्हेरने रेशो ८ वर आणून साधेपणा राखला. जेटफायरने तो १०.२५ ठेवला आणि नॉकिंग रोखण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले. त्याची बाटली रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट अडवून धरत असे, आणि बाटली भरायला मालक विसरत. घरी बांधायच्या इंजिनासाठी मी कॉर्व्हेरच्या बाजूचा आहे.

प्रश्न : हेडचे जुने बोल्ट दिसायला चांगले आहेत. तेच वापरले तर चालतील का?

उत्तर : मॅन्युअलमध्ये ‘अमुक टॉर्क आणि नंतर इतके अंश फिरवा’ असे लिहिले असेल तर ते बोल्ट बहुधा ताणले जाणारे आहेत; ते बदलावेत. टर्बोसाठी स्टड (ब्लॉकमध्ये बसवून वरून नट लावायचे आटेदार दांडे) अधिक बरे. आट्यांना तेल लावायचे की कोरडे ठेवायचे, हे ज्याने आकडा दिला त्याचेच ऐकावे, कारण त्याच टॉर्कला तेल लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. ब्लॉकमधली बंद भोके मात्र तळापर्यंत कोरडी करावीत. तळाशी तेल साचले असेल तर बोल्ट त्यावर दाब देतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : ब्यूइकचे ३.८ लिटरचे टर्बो व्ही-६ इंजिन मी बांधले आहे. हेड ०.५ मिलिमीटर घासले, व्हॉल्व्ह सीट कापून घेतल्या आणि पूर्वीपेक्षा पातळ गॅस्केट घातले. आता दोन सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन फारच कमी येते. रिंग नव्या आहेत, बोअर नवे आहेत. चूक कोठे झाली असेल?

उत्तर : आपण सांगितलेल्या तीनही कामांचा परिणाम एकाच दिशेने होतो, आणि तो रिंगकडे जात नाही, पुशरॉडकडे जातो. हेड घासले आणि गॅस्केट पातळ घातले की हेड तेवढे खाली येते आणि टॅपेट व रॉकर यांच्यातले अंतर कमी होते. गॅस्केट जुन्यापेक्षा ०.४ मिलिमीटर पातळ आहे असे धरले तर येथेच ०.९ मिलिमीटर झाले. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि त्याचे टोक उंच होते. टोक उंचावले की रॉकरची दुसरी बाजू पुशरॉडला खाली दाबते. टोक ०.३ मिलिमीटर उंचावले आणि रॉकरचे प्रमाण १.५५ असेल, तर त्यात आणखी सुमारे ०.२ मिलिमीटरची भर पडते. आपल्या इंजिनात रॉकर एका शाफ्टवर बसलेले आहेत आणि त्यांना फट जुळवण्याचा स्क्रू नाही. पुशरॉडची लांबी हेच तेथे एकमेव समायोजन आहे.

हायड्रॉलिक टॅपेटच्या आतला दट्ट्या साधारण ०.५ ते १ मिलिमीटर दबलेला असावा, असा हिशेब असतो. आपल्याकडे तो आता जवळपास २ मिलिमीटर दबला असावा, आणि ज्या दोन सिलिंडरची सीट जास्त खोल कापली गेली तेथे तो तळाला टेकला असेल. दट्ट्या तळाला टेकला की टॅपेट ठोकळ्यासारखा वागतो आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही.

हे खरे आहे की नाही, ते अर्ध्या तासात कळेल. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी वर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडावी आणि गळती मोजावी. मग त्या बाजूचा रॉकर शाफ्ट सैल करून पुन्हा मोजावी. गळती एकदम थांबली तर पुशरॉड लांब आहेत. सायलेन्सरकडून किंवा इनटेककडून येणारी सूं सूं तशीच राहिली तर सीट नीट बसलेली नाही आणि हेड परत उतरवावे लागेल.

पुशरॉड लांब ठरल्यास काही जण शाफ्टच्या ठोकळ्यांखाली वॉशर घालून शाफ्ट उचलतात. मला हा उपाय पटत नाही. हेड घासल्याने रॉकर आणि व्हॉल्व्ह यांचे आपसांतले नाते बदलत नाही, कारण दोघेही हेडवरच बसलेले असतात. बदलते ते टॅपेट आणि रॉकरचे नाते. शाफ्ट उचलून आपण जे बिघडलेलेच नव्हते ते बिघडवतो, रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर चुकीच्या जागी घासू लागतो आणि गाइड एका बाजूने झिजते. लांबी कमी-जास्त करता येणारा एक मोजणीचा पुशरॉड घ्यावा, टॅपेट कॅमच्या गोल भागावर असताना मोकळेपणा नुकताच संपेल एवढी लांबी काढावी, तीत दट्ट्या दबायचे ठरलेले माप मिळवावे आणि त्या मापाचे पुशरॉड मागवावेत. मोजमाप निदान चार व्हॉल्व्हवर करावे. एकावरून बारांचा निकाल लावू नये. एखादाच व्हॉल्व्ह फार उंच राहिला असेल तर ती चूक सीट कापतानाची आहे आणि ती हेडमध्येच सुधारावी.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. व्ही आकाराच्या इंजिनात हेड खाली आले की इनटेक मॅनिफोल्ड दोन्ही हेडच्या मध्ये पूर्वीसारखा बसत नाही. त्याची भोके जुळत नसतील तर बोल्ट ओढून बसवू नयेत. तेथे राहिलेली फट साध्या इंजिनात थोडी खरखर निर्माण करते. टर्बोमध्ये तीतून बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो.

प्रश्न : नवा कॅमशाफ्ट आणि टर्बोसाठीचे कडक स्प्रिंग घातले. जुने टॅपेट गुळगुळीत होते, ते स्वच्छ करून परत वापरले. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले, तासभर संथ चालवून गळती पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी टकटक सुरू झाली आणि दोन लोब (कॅमचे उंचवटे) जवळजवळ गोल झालेले निघाले. माल खराब होता का?

उत्तर : असू शकेल, पण आपल्या पत्रात मालाला दोष देण्याआधीची चार कारणे आहेत. चपट्या बुडाचा टॅपेट खरे तर चपटा नसतो. त्याचे बूड अगदी किंचित फुगीर असते आणि लोब किंचित तिरपा घासलेला असतो, म्हणून टॅपेट प्रत्येक फेऱ्यात स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज एका जागी होत नाही. जुन्या टॅपेटचे बूड जुन्या लोबशी जुळून सपाट झालेले असते. नव्या लोबवर तो फिरत नाही, घासतो. म्हणून नव्या कॅमला टॅपेट नवेच लागतात, आणि जुनाच कॅम ठेवायचा असेल तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर परत गेला पाहिजे.

दुसरे कारण संथ चालवणे. लोब आणि टॅपेट यांना तेल मुख्यतः क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या तुषारांतून मिळते आणि संथ गतीला ते तुषार पुरेसे नसतात. नव्या कॅमचे इंजिन सुरू होताच ते २००० ते २५०० फेऱ्यांवर न्यावे आणि वीस ते तीस मिनिटे थोडे वरखाली करत तेथेच ठेवावे. गळती, आवाज, पट्टा हे सारे आधी पाहून घ्यावे. तिसरे, तेल. पृष्ठभागाला वाचवणारे जस्त आणि फॉस्फरसचे मिश्रण आजच्या पातळ श्रेणीच्या तेलांत ८०० पीपीएम फॉस्फरसच्या मर्यादेत ठेवलेले असते, कारण फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. चपट्या टॅपेटसाठी मुद्दाम बनवलेले, नवे भाग रुळवण्याचे तेल घ्यावे.

चौथे कारण स्प्रिंग, आणि येथे आपली अडचण मला समजते. टर्बोमध्ये बूस्ट इनटेक व्हॉल्व्हला मागून ढकलतो. ४० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हवर १ बार म्हणजे सुमारे १३ किलोचा जोर होतो आणि स्प्रिंगची पकड तेवढी कमी होते. म्हणून कडक स्प्रिंग घेतात, पण तोच जोर लोबवरही येतो. दुहेरी स्प्रिंग असतील तर कॅम रुळवताना आतली काढून ठेवावी. आणि बूस्ट ०.५ बारच असेल तर सर्वांत कडक संच घ्यायची गरजच नाही.

आता नुसता कॅम बदलून भागणार नाही. दोन लोबचे लोखंड तेलातून बेअरिंगपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोहोचलेले आहे. इंजिन पूर्ण खोलून धुवावे, टर्बोची तेलाची नळी बदलावी आणि तेलाच्या कूलरबद्दल वर लिहिले आहेच. परत जोडल्यावर तेल आधी चढवून घ्यावे. ज्या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या किंवा कॅम सेन्सरच्या दांड्याने फिरतो, तेथे ते काढून दांडा ड्रिलने फिरवता येतो. सेन्सर परत बसवताना त्याची वेळ पुन्हा जुळवावी. ब्यूइकच्या व्ही-६ सारख्या इंजिनात पुढच्या झाकणातला गिअर पंप कोरडा असला तर तेल ओढतच नाही, म्हणून गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरतात. हे शक्य नसेल तर तेलवाहिनीतून दाबाच्या भांड्याने तेल ढकलावे. नव्या कॅमवर स्टार्टर बराच वेळ फिरवत राहू नये. लोबवर लावलेले घट्ट वंगण त्यानेच पुसले जाते.

प्रश्न : इंजिन बांधून टर्बोही नवा घातला, तरी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दिला की निळा धूर येतो आणि उभ्या गाडीतही थोडा येतो. टर्बोचे सील खराब आहे असे सगळे सांगतात. दुसरा टर्बो घ्यावा का?

उत्तर : दुसऱ्या टर्बोतूनही हाच धूर येईल, अशी दाट शक्यता आहे. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसते. तेथे पिस्टनच्या रिंगसारखी बारीक रिंग असते आणि ती तेल अडवते ते मुख्यतः दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकामुळे. आतले तेल मोकळेपणी खाली गेले पाहिजे, हीच तिची अट. तेल आत दाबाने येते, परत जाते ते केवळ स्वतःच्या वजनाने, तेही फेसाळलेले. म्हणून परतीची नळी जाड असावी, ती कोठेही वर चढू नये, तिला पिळ किंवा पोट नसावे आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर ती सुटावी. गॅस्केटला लावलेले जादा सीलंट आत ओघळून तिची वाट अर्धी बुजवलेली मी एकापेक्षा जास्त इंजिनांत पाहिली आहे.

नळी ठीक असेल तर क्रँककेसचा दाब पाहावा. रिंग अजून बसलेल्या नसतील किंवा ब्रीदरची (आतले वायू बाहेर सोडणारी) नळी तुंबलेली असेल तर क्रँककेसमध्ये वायू साठतात आणि टर्बोचे तेल खाली उतरू देत नाहीत. मग ते टर्बाइनच्या बाजूने सायलेन्सरमध्ये जाते. तेल भरायच्या तोंडावरचे झाकण काढून इंजिन संथ चालवावे. धूर काही मिनिटांत कमी झाला तर उत्तर ब्रीदरमध्ये आहे. तिसरी जागा हेड. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इनटेकमध्ये जोराची पोकळी तयार होते आणि झिजलेल्या गाइडमधून किंवा फाटलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ती तेल ओढून घेते. उतारानंतरचा धूर या वर्णनाशी जुळतो, उभ्या गाडीतला तितकासा जुळत नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे दोन कारणे एकत्र असू शकतात.

टर्बोचीही तपासणी करावी, पण हाताने हलवून निकाल देऊ नये. साध्या बेअरिंगच्या टर्बोत तेल नसताना दांडा आडवा थोडा हलतोच. तो पुढेमागे मात्र जवळजवळ हलता कामा नये. डायल गेजवर ही हालचाल ०.१ मिलिमीटरच्या वर गेली किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली, तरच तो उतरवावा. त्याआधी इंटरकूलरची खालची नळी काढून आत बोट फिरवावे. तेथे तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. तेल वाहून खाली येत असेल तर ते कॉम्प्रेसरच्या बाजूने येत आहे. हवेचा फिल्टर तुंबून मागे पोकळी तयार होत नाही ना, हे तपासून पाहावे आणि इंटरकूलर रिकामा केल्याशिवाय गाडी बूस्टवर नेऊ नये.